काचेवरचं कुंकू

“नवरा गेला. गळा नाय गेला.”

हे नवसीने ऐकलं तेव्हा ती आजीच्या मांडीला टेकून मांडवात बसली होती आणि तिच्या तोंडात गुळाचा खडा होता. वाणगावच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा पाडा. आजी मंगळी तिथली धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई. वारल्यांच्या मांडवात धवलेरी गायला लागते तेव्हा लग्न लागायला लागतं, आणि तिचं गाणं सरत नाही तोवर घाई कोणी करायची नाही. नवऱ्याच्या बापाने नाही, वाजंत्र्यानेही नाही. आजा त्याच पावसाळ्यात गेलेला. म्हणून नवरदेवाच्या कोण्या मामाने, बरीच वर्षं शहरात राहून आलेल्या, कुजबुजत सुचवलं की आता दुसरी कोणी बघावी, हिच्या हातून नको. आजीने ते ऐकलं. हातातलं तांदळाचं सूप तिने खाली ठेवलं नाही, मामाकडे मान वळवली नाही. मांडवाच्या मेढीकडे, त्या रोवलेल्या खांबाकडे बघत ती एवढंच बोलली आणि तिने गाणं उचललं:

मांडवाला दोन गं मेढी, मेढी कोणी रोविल्या,
एक मेढ सागाची, एक मेढ वेळूची,
साग नाय वाकला, वेळू नाय मोडला,
दोघींच्या गं माथ्यावर एकच सावली.

मामा मागे सरकला. लग्न लागलं. आजी पुढे गळा होता तोवर गात राहिली, आणि मग एक दिवस गळ्यासकट गेली. नवसीच्या कानात मात्र ते वाक्य राहिलं, आणि त्या दोन मेढीही राहिल्या.

मेढी तर तिला रोज भेटत. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात ती कामाला होती, तिथे मोटारीच्या दाराचा आतला पत्रा तयार व्हायचा. त्या पत्र्याची गंमत अशी की तो एक नसतो. बिजागराकडची बाजू जाड लागते, कारण सगळं दार तिच्यावर लोंबकळतं. उरलेली पातळ लागते, नाहीतर गाडी उगाच जड. म्हणून एक जाड पत्रा आणि एक पातळ पत्रा कडेला कड भिडवून लेसरने जोडायचे आणि मग तो जोड प्रेसखाली घालून त्याला दाराचा आकार द्यायचा. प्रेस पत्र्याला ओढते, ताणते, दुमडते. जोड कच्चा असला तर तिथेच फाटतो. म्हणून प्रत्येक थप्पीतला एखादा तुकडा काढून त्याच्या पोटात पोलादी गोळा दाबायचा. पत्रा वाटीसारखा फुगतो. वाटी सांध्यावर तडकली नाही तर जोड पक्का. कामगार ह्याला ‘वाटी काढणं’ म्हणत.

लेसरची केबिन म्हणजे शॉपच्या मधोमध उभी केलेली पत्र्याची खोली. तिला काळपट काचेची एक खिडकी. आत पिवळा रोबो, त्याच्या हाताच्या टोकाला मुंडी, मुंडीच्या तळाला बशीएवढीही नाही अशी काच. किरण त्या काचेतून खाली उतरतो. काचेवर कण चालत नाही. कण असला की किरण आधी त्यालाच जाळतो, आणि कणाबरोबर काच. पण खरा किरण सोडण्याआधी मशीन एक छोटा लाल ठिपका पत्र्यावर टाकतं, सांधा कुठे आहे ते दाखवायला. त्याने काही जळत नाही. जाड आणि पातळ पत्र्याच्या मधोमध ती लाल टिकली बसली की नवसीला वाटे, आता गाणं उचलायचं. ती बटण दाबे. खिडकीआड एक पांढरी ज्योत सांध्यावरून सरसर धावे आणि मागे नखाच्या ओरखड्यासारखी बारीक, चकचकीत रेघ उरे.

आयटीआय केल्यावर ती आधी स्पॉटवेल्डिंगची गन ओढत होती, खांदा निखळेपर्यंत. लेसर आलं तेव्हा शिकायला तयार कोण, असं विचारल्यावर पुरुष एकमेकांकडे बघत राहिले आणि नवसीने हात वर केला. तो हात तिने अजून खाली घेतला नव्हता. सगळ्या शॉपमध्ये ती एकटी बाई. पाड्यावर तिचा बाप पाहुण्यांना सांगे, “माझी पोर उजेडाने लोखंड शिवते,” आणि पाहुणे म्हणत, “जास्त झाली काय रे तुला?”

तर खंडेनवमीचा दिवस. कारखान्यातली यंत्रं धुऊन पुसून बसवलेली, प्रत्येकाच्या गळ्यात झेंडू. मालक धीरजशेठ नवा सदरा घालून फिरत होते. त्यांची बायको हेमांगी हातात ताट घेऊन एकेका यंत्राला हळदकुंकू लावत होती. लेसरच्या केबिनीला तिने फक्त बाहेरून, दारावर बोट टेकवलं, कारण मशीन बसवून देणाऱ्या इंजिनिअरने आत फूल नको, पावडर नको असं बजावलेलं होतं.

आणि मागे, ऑफिसच्या पायरीजवळ खुर्ची टाकून धीरजशेठच्या आई बसल्या होत्या. त्यांना सगळे माई म्हणत. दरवर्षी ते ताट माईंच्या हातात असायचं. धीरजचे वडील तात्या घिवलीची वाडी भावावर सोडून बोईसरला आले, गॅसवेल्डिंगचं दुकान टाकलं, तेव्हापासून. ह्या उन्हाळ्यात तात्या गेले. माईंना कोणी नको असं म्हटलं नव्हतं. हेमांगी फक्त म्हणाली होती, “माई, तुम्ही बसा हं, दगदग नको.” धीरजने खुर्ची आणून दिली, मॅनेजर दिपेशने पंखा लावून दिला. सगळ्यांनी इतकं प्रेमाने वागवलं की ताट मागायला जागाच उरली नाही.

पूजा आटोपली. माणसं पेढे आणि चिवड्याकडे वळली. नवसी केबिनीला कुलूप लावायला गेली तेव्हा पाठीमागून आवाज आला.

“नवसी ना गं तू? आत जाता येतं?”

माई एकट्याच होत्या.

“मशीन बंद हाय, माई. या की. चपला राहू द्या पायात, खाली कपचे असतात.”

नवसीने दार उघडलं. माई आत आल्या, रोबोकडे मान वर करून बघत राहिल्या, जत्रेतल्या पाळण्याकडे बघावं तशा.

“ह्यात काय जळतं? गॅस?”

“गॅस नाय. उजेड.”

“नुसता उजेड?”

“नुसता.”

“हे असते तर म्हणाले असते, काहीतरीच सांगते ही पोरगी.” माई हसल्या. “आमच्या वेळी ते जोडायचे आणि पत्रा मी धरायची. दोन्ही हातांनी, अशी. ठिणगी उडाली की म्हणायचे, हलू नको गं, बाजूला गेला सांधा की फुकट. मी नाही हलले कधी.” त्यांनी हात पुढे धरून दाखवला. मनगटावर जुने, पांढरे पडलेले ठिपके होते.

नवसीला काय वाटलं कोण जाणे, तिने पॅनलवरून तो लाल ठिपका लावला. “हात धरा खाली. भाजत नाय. फक्त वर काचेत नका बघू.”

माईंनी तळवा पुढे केला. तळव्याच्या मधोमध लाल टिकली उमटली. माई बघत राहिल्या.

“अगं, हिला तर आधीच कुंकू आहे.”

मग त्यांनी पदराची गाठ सोडली. आत कागदाची पुडी होती.

“घरून आणलंय,” त्या म्हणाल्या. “ताट काही कोणी हातात दिलं नाही.” आणि जरा थांबून, “तुमच्यात चालतं का गं? नवरा गेलेल्या बाईने?”

“माझी आजी लग्नं लावायची, माई. आजा गेल्यावर पण. एकाने नाट लावला, तर बोलली, नवरा गेला, गळा नाय गेला.”

“असं बोलली?”

“भर मांडवात.”

माईंनी ते वाक्य ओठांत पुन्हा म्हणून पाहिलं. “मी लावू?”

“लावा की.”

नवसी पॅनलकडे वळली, ठिपका बंद केला, आणि पाठ फिरवूनच उभी राहिली, कारण माईंचे खांदे हलायला लागले होते. अशा वेळी माणसाकडे बघू नये एवढं तिला कळत होतं. वळली तेव्हा माई बोट पदराला पुसत होत्या. मुंडीच्या पिवळ्या कपाळावर कुंकवाचा ठिपका होता, बाहेर.

“कुणाला बोलू नकोस हं, बाय. धीरजला वाईट वाटेल. हेमांगीलाही.”

“मी कशाला बोलू?”

माई गेल्यावर नवसीने मुंडीवरचा ठिपका स्वच्छ फडक्याने टिपून घेतला. तिला वाटलं, तेवढाच होता.

दसऱ्याची सुट्टी सरली, दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी विनोदची होती. विनोद पाम गावचा, बडबड्या, पण हाताने चोख. त्याने मशीन लावलं, पत्रे सुटू लागले, आणि वाटी काढायला गेलेला तुकडा सांध्यावर चर्रकन फाटला. दुसरा काढला, तोही. तोवर केबिनीतून जळका वास आला. मुंडी उघडली तर काच तडकलेली, काचेच्या मधोमध काळी-तांबडी खपली, आणि आतल्या भिंगावर डाग. खपलीच्या कडेला अजून लाल होतं. ते काय आहे हे तिथल्या कोणालाच विचारावं लागलं नाही.

माईंनी टिकली जिथून उतरत होती तिथेही बोट टेकवलं होतं. कपाळ कुठलं आणि डोळा कुठला, हे त्यांना कोणी सांगितलं होतं?

मशीन बंद पडलं. नवं भिंग परदेशातून यायचं होतं. गाडीच्या कंपनीचे फोनवर फोन सुरू झाले. दिपेशने कॅमेरा तपासला. खंडेनवमीला कोणीतरी कॅमेऱ्यालाही झेंडूचा हार घातला होता. अर्ध्या पडद्यावर नुसता झेंडू, आणि उरलेल्या अर्ध्यावर केबिनीचं दार उघडणारा नवसीचा हात.

“ये गं, भगतीण,” ऑफिसमध्ये दिपेश म्हणाला. “काय घुमत होतीस की काय आत? आज कुंकू लावलंस, उद्या कोंबडं कापशील मशीनपुढे.”

धीरजशेठ टेबलामागे बसले होते. त्यांनी दिपेशला गप्प केलं नाही.

“दार मी उघडलं,” नवसी म्हणाली. “कुंकू मी नाय लावलं.”

“मग कोणी लावलं?”

“सांगणार नाय.”

“म्हणजे माहीत आहे.”

“माहीत हाय.”

धीरजशेठ पुढे वाकले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांची झोप उडालेली होती. “नवसी, तुला लेसरवर मी घेतलं. सगळे नको म्हणत होते तेव्हा घेतलं. बरोबर?”

“बरोबर, शेठ.”

“मग माझ्याशी खरं बोल. भक्तीने लावलंस, चूक झाली, माफी मागते, एवढं सगळ्यांसमोर बोल. पॅकिंगला जा. तिथेही पगार तोच.”

“पगाराचं नाय हो.” नवसीचा आवाज चढला. “मी लावलं नाय ते लावलं म्हणून कशी बोलू? दार उघडलं, ते माझं. काच बघितली नाय, ते पण माझं. तेवढ्याची माफी आता मागते, ही बघा, मागितली. बाकीची मागणार नाय.”

“बघा साहेब, पाड्यावरचा ताठा,” दिपेश म्हणाला.

“पाड्यावरचाच हाय,” नवसी म्हणाली. “दुसरीकडून कशाला आणू?”

दुसऱ्या दिवशी तिचं नाव पॅकिंगला लागलं. ती गेली नाही. डोक्याला टोपी, डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, अशी सगळी तयारी करून ती बंद केबिनीच्या दारापाशी येऊन उभी राहिली. दिपेशने विचारलं, हे काय? ती म्हणाली, माझं मशीन हाय, मी मशीनपाशी उभी हाय. तो म्हणाला, मशीन बंद आहे. ती म्हणाली, मग उघडेल तेव्हा मी असेन. मला काढायचं तर काढा, आणि का काढलं ते सगळ्यांपुढे सांगा. पण मी आपल्या पायाने पॅकिंगला जाणार नाय.

तिच्या पायांना गोळे आले. हेल्पर लोक येता-जाता बघत. कोणी म्हणे, देवीचा पहारा चाललाय. कोणी मुद्दाम वाकून तिला नमस्कार करून जाई आणि पुढे जाऊन हसे. नवसी हलली नाही. उभं राहून राहून कंटाळा आला की ती बारीक आवाजात गाई, ओठ हलताहेत की नाही एवढंच:

साग नाय वाकला, वेळू नाय मोडला.

जेवणाच्या सुट्टीत विनोद डबा घेऊन तिच्याशेजारी उकिडवा बसे. “बस की. भाकर तरी बसून खा.”

“उभीच बरी हाय.”

“घोड्यासारखी? हे बघ, सुकट आणलीय, आईने केलीय. उभ्याने सुकट खाल्लेलं माणूस मी बघितलं नाय अजून.”

नवसी हसली आणि उभ्यानेच सुकट खाल्ली.

“मला एक सांग,” विनोद हळू झाला. “पाळी सुरू करताना काच मी बघायला पायजे होती. सुट्टीनंतर आलो, तडक मशीन लावलं. मला कोणी काय बोललं?”

“नाय.”

“मला कोणी भगत म्हटलं?”

“तुझं तोंड भगतासारखं नाय.”

“म्हणूनच सांगतो, नाव सांगून टाक. जो कोणी आहे तो मजेत असेल, आणि तू इथे खांब झालीयस.”

“मी सबूद दिलाय.”

“सबूद काय खातेस?”

“तू सुकट खा, विनोद.”

पण त्याच आठवड्यात मालकांची गाडी शॉपच्या दारात थांबली आणि मागच्या काचेतून माई दिसल्या. धीरजशेठची सही घ्यायला बँकेचा माणूस आला होता, म्हणून गाडी वळवली असेल. माईंनी नवसीला बघितलं. बंद केबिन, टोपी, चष्मा, मोजे, सगळं बघितलं. नवसीनेही त्यांना बघितलं. एक पळ दोघींची नजर अशी भिडली की मधे कागद सरकला नसता. आणि माईंनी नजर काढून घेतली. गाडी गेली.

तेव्हा मात्र नवसी पेटली. म्हातारे, तुझ्या बोटाचं ओझं माझ्या मानेवर, आणि तू तोंड फिरवतेस? ऑफिस चार पावलांवर होतं. आत जायचं, एक नाव टाकायचं, आणि उद्या लाल टिकली पुन्हा आपली. तिने पाऊल उचललंही. आणि कानात सुपातले तांदूळ खळखळले. मांडवातल्या मामाने आजीचा हात काढायला बघितला होता. माईंचं नाव घेतलं की तो हात आपण काढणार. मग हेमांगी हळूच म्हणेल, माई, तुम्ही असं करायला नको होतं. आणि माई पुन्हा कधी पुडी बांधणार नाहीत पदराला. नवसीने पाऊल परत जागेवर ठेवलं. ‘सांगेल तर तीच सांगेल,’ ती स्वतःशी म्हणाली, ‘आणि नाय सांगितलं तर मी उभी हाय.’

भिंग आलं. मशीनवाल्या कंपनीचा इंजिनिअर येऊन बसवून गेला. धीरजशेठनी ठरवलं, पुन्हा सुरू करण्याआधी नारळ फोडायचा, म्हणजे सगळ्यांच्या मनातली पाल निघेल. सकाळच्या पाळीला सगळी माणसं केबिनीसमोर जमली. बाहेर ऑक्टोबरचं ऊन पत्र्यांवर तडतडत होतं, तारापूरकडून येणाऱ्या वाऱ्याला तो नेहमीचा रसायनांचा आंबूस वास होता. हेमांगी ताट घेऊन उभी. माईंची खुर्ची ह्या वेळी पुढे ठेवली होती, पंख्यासकट.

नवसी दाराला पाठ लावून उभी होती. नारळ फोडायचा तर तिला बाजूला व्हावं लागणार होतं.

“सरक,” दिपेश म्हणाला.

“मी मशीनपाशी हाय.”

“नवसी,” धीरजशेठ सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, “आज सुरुवात चांगली होऊ दे. एकदा बोल आणि मोकळी हो. कुंकू लावलं, चुकलं. संपलं. नाहीतर आज तुझा इथला शेवटचा दिवस समज.”

कॉम्प्रेसरचा घुर्र आवाज तेवढा चालू होता.

“शेठ,” नवसी म्हणाली, “दार मी उघडलं. काच मी बघितली नाय. ते मी त्या दिवशी बोलली, आज परत बोलते. कुंकू मी नाय लावलं. ज्याने लावलं त्याने वाईट मनाने नाय लावलं, चांगल्या मनाने लावलं, आणि त्याचं नाव मी घेणार नाय. आज नाय, उद्या नाय, गेटाबाहेर गेल्यावर पण नाय.”

“मग कुंकू काय उडत आलं?” दिपेश म्हणाला. “ह्या कारखान्यात बायका आहेत किती? तू आणि वहिनी. वहिनींनी बाहेरून लावलं, सगळ्यांनी बघितलं. राहिलं कोण?”

दिपेशने ते सहज विचारलं होतं. पण ‘राहिलं कोण’ म्हटल्यावर नवसीला एकदम हसू आलं, कडू, घशातून. इतकी माणसं जमली होती, पंखा कोणावर लावलाय ते सगळ्यांना दिसत होतं, आणि मोजताना ती बाई कोणाच्या बोटावर आलीच नव्हती.

“आमच्याकडे,” नवसी म्हणाली, “धवलेरीचं गाणं सरल्याशिवाय कोणी उठत नाय. मी माझं गाणं सारून घेते. मग काढा मला.” आणि जमलेल्या माणसांसमोर, ओठांत नाही, मोठ्याने, आजीने मांडवात उचललं होतं तसं तिने गाणं उचललं. आवाज पहिल्यांदा फाटला, मग सरळ झाला:

मांडवाला दोन गं मेढी, मेढी कोणी रोविल्या,
एक मेढ सागाची, एक मेढ वेळूची.
हळद कोणी लाविली, हात कोणी इचारला,
देवाच्या गं दारामंदी हाताला नाव नाय.

शेवटच्या दोन ओळी आजीच्या नव्हत्या. त्या कुठून आल्या ते नवसीलाही कळलं नाही.

“बंद कर हे!” दिपेश पुढे झाला. विनोद त्याच्या वाटेत आला. “गाऊ दे की रे,” तो म्हणाला, “आणि काच मी पण बघितली नव्हती, शेठ. सकाळची पाळी माझी होती. मला पण काढा. दोघांची जोडी बरी दिसेल गेटावर.” मागून कोणीतरी हसलं, कोणीतरी “हां, बराबर है” म्हणालं. धीरजशेठचा चेहरा लाल झाला. “बस्स!” ते ओरडले. “विनोद, मागे हो. नवसी, तुझा पास इथे ठेव. ह्या क्षणी.”

नवसीने गळ्यातला पास काढला नाही. मोजे घट्ट केले.

तेव्हा खुर्चीचे पाय फरशीवर खरवडल्याचा आवाज झाला.

माई उठल्या होत्या. हेमांगी घाईने म्हणाली, “माई, काय हवंय, मी देते, बसा.” माई बसल्या नाहीत. त्या हेमांगीच्या समोर आल्या आणि त्यांनी ताट तिच्या हातातून घेतलं. हिसकलं नाही. आपली वस्तू कोणाकडे राहिलेली असावी आणि ती परत घ्यावी, तसं घेतलं. हेमांगीचे हात रिकामे तसेच पुढे राहिले.

ताट घेऊन माई केबिनीच्या दारापाशी गेल्या, नवसीशेजारी. ताटातलं निरांजन कलत होतं. नवसीने खालून ताटाला हात लावला. माई मान वळवून तिच्याकडे बघत राहिल्या, गाडीच्या काचेतून बघितलं होतं त्याहून पुष्कळ वेळ, आणि ह्या वेळी नजर काढली नाही.

“आई,” धीरज म्हणाला, लहानपणी म्हणायचा तसं, “हे काय करतेस?”

माईंनी उजव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं आणि सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

“मशीन बंद पडलं ते ह्या बोटाने, धीरज. कुंकू मी लावलं. काच कुठली ते मला ठाऊक नव्हतं, ते माझं चुकलं, ते मी हिच्याकडून शिकून घेईन. आणि बोलायला इतके दिवस लावले, ते त्याहून चुकलं.” त्यांचा श्वास चढला होता. त्यांनी तो खाली बसू दिला. “पण लावलं ते नाही चुकलं. पत्रे मी धरलेत ह्याच हातांनी, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून. तुझे बाबा गेले. माझा हात कुठे गेलाय?”